आठवी खुंटी

१

दोर विकणाऱ्याने समुद्राला घाबरू नये, असं माझे वडील म्हणत. आपण घाबरतो हे गिऱ्हाइकाला कळलं की त्याला दोराच्या मजबुतीचीही शंका यायला लागते. वडिलांनी स्वतः उभ्या जन्मात गुडघ्याच्या वर पाणी लावून घेतलं नाही, हा भाग वेगळा. मीही त्यांच्यावरच गेलो. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण काउंटरच्या आतल्या बाजूला झालं. दोर, साखळ्या, रंग, डांबर, खिळे, कप्प्या. बंदरावरच्या माणसाला लागेल ते आमच्याकडे मिळतं, आणि नसेल ते "उद्या या" म्हटल्यावर मिळतं.

बचावनौकेचं जुनं ठाणं पाडायची नोटीस लागली आणि आम्ही चार रिकामटेकड्यांनी ते वाचवायची समिती काढली. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई अध्यक्ष, कारण त्यांना कोणी नाही म्हणू शकत नाही. औषधवाला चिटणीस, कारण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागतं. तिसरा कासव. हा त्या नौकेचा शेवटचा हयात वल्हेकरी. कधी घाई केली नाही आणि कधी बुडाला नाही म्हणून सारं गाव त्याला कासव म्हणतं. आणि चौथा मी, कारण माझ्याकडे दोर होता.

ठाणं म्हणजे एकच लांबलचक दगडी खोली. मधोमध नौका. समुद्राच्या बाजूला दोन माणसं उंच अशी लाकडी दारं, आतून अडसराने बंद होणारी. दाराबाहेर दगडी उतार, तो थेट पाण्यात. नौकेत आठ जागा: सहा वल्हेकरी, एक सुकाणूवाला, एक दोरवाला. म्हणून भिंतीवर आठ खुंट्या, आणि खुंट्यांवर बुचाची आठ जाकिटं.

इथली रीत मोठी मजेशीर होती. नावांची यादी वगैरे काही नाही. घंटा झाली की जो आधी पोचेल त्याने जाकीट ओढायचं आणि नौकेत बसायचं. जाकिटं संपली की जागा संपली. जाणाऱ्यांना मोजायचं नाही, ते अशुभ. मोजायचं ते परतणाऱ्यांना. माणसं परतली की जाकिटं पुन्हा खुंट्यांवर चढायची, आणि आठही खुंट्या भरल्या की ठाणेवाला मोठ्याने ओरडायचा, "सगळे आले". मग दार लावायचं. एक जरी खुंटी रिकामी असली तरी दार उघडं ठेवायचं, मग बाहेर प्रलय का होईना. बाईंनी ही रीत सुंदर अक्षरात पाटीवर रंगवून घेतली. मलाही ती फार आवडली. माणसं खोटं बोलतात, माल बोलत नाही. खुंट्यांवर माल पुरा असला की हिशेब पुरा.

असं मला तेव्हा वाटत होतं.

२

ठाणं वाचलं आणि ते लोकांना बघायला खुलं करायचं ठरलं. त्या उद्घाटनाच्या आठ दिवस आधी मी चाळीस वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून चाळीसदा मोजलेला, नवा दोर ठाण्यात नेला आणि नौकेच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, स्वतःच्या हाताने गुंडाळून ठेवला. दोराला पीळ असतो. पिळाच्या कलाने, म्हणजे घड्याळाचा काटा फिरतो तसा, तो गुंडाळायचा. मग सोडताना तो लोण्यासारखा सुटतो. उलटा गुंडाळला तर सोडताना आढ्या, म्हणजे पिळाचे फास, पडतात, आणि आढीत कोणाचं बोट सापडलं तर ते बोट पुन्हा दिसत नाही. दोरवाल्याच्या घरात हे पाळण्यातच शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर वेटोळं उलटं.

अगदी व्यवस्थित होतं. विस्कटलेलं असतं तर मी मांजर म्हटलं असतं, उंदीर म्हटलं असतं. कोणीतरी चाळीस वाव दोर उलगडून, तितकाच नीट, डावीकडून परत गुंडाळला होता. मी ठाण्याच्या राखणदाराला झापलं. तो बिचारा म्हणाला, "शेट, घरी बायको मला गादी गुंडाळू देत नाही. मी दोर कुठून गुंडाळणार?"

मी दोर सरळ केला आणि दुकानात आलो. पण दिवसभरात गिऱ्हाइकाचा दोर मोजताना दोनदा चुकलो.

कारण असं वेटोळं मी चांगलं ओळखत होतो. माझा थोरला भाऊ डावखुरा होता. दादाने गुंडाळलेला प्रत्येक दोर उलटा. एकदा एका नावाड्याने भर समुद्रातून परत येऊन वेटोळं काउंटरवर आपटलं आणि विचारलं, हा दोर आहे की नाग, मला डसायला आला. दादा हसून म्हणाला की सरळ गुंडाळायला मला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. रोज संध्याकाळी तो घरी गेला की मी गुपचूप त्याची वेटोळी सोडून सरळ करायचो.

दादाला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. जाऊन म्हणजे मरून नव्हे. घर सोडून.

३

तिसऱ्या दिवशी अडसर खाली होता.

हा अडसर म्हणजे दंडाएवढ्या जाडीची सागवानी तुळई. मला एकट्याला उचलताना दम लागतो. ती जमिनीवर भिंतीशी समांतर, नीट टेकवून ठेवलेली. दाराची एक फळी वीतभर उघडी. आणि आठव्या खुंटीवरचं जाकीट खाली पडलेलं. दोराचं वेटोळं पुन्हा डावं.

मी स्वतःला समजावलं. खारी हवा, लाकूड फुगतं, वारा दार ढकलतो, अडसर निसटतो. निसटलेला अडसर भिंतीशी समांतर कसा पडतो, एवढा एक प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. गिऱ्हाइकाला नको तो प्रश्न विचारू द्यायचा नसतो, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक मीच होतो.

पण व्यापाऱ्याचा स्वभाव जात नाही. बाहेरगावी माल पाठवताना पोत्याच्या तोंडाला सुतळी बांधून आम्ही लाखेचं सील मारतो. कोणी पोतं उघडलं तर सुतळी तुटते किंवा लाख फुटते, तिसरा मार्ग नाही. त्या संध्याकाळी मी अडसर चढवला, तो दोन्ही कड्यांना सुतळीने बांधला, गाठीवर लाख ओतली आणि तीवर दुकानाचा शिक्का उठवला. जमिनीच्या बाजूच्या छोट्या दाराला माझं कुलूप घातलं आणि किल्ली उशाशी घेऊन झोपलो.

सकाळी अडसर खाली होता. सुतळी तुटली नव्हती. लाखही अखंड, शिक्का तसाच्या तसा. सुतळी अडसरावर ठेवलेली होती, रुपयाएवढं छोटंसं वेटोळं करून.

डावं वेटोळं.

मी ते खिशात घातलं. राखणदाराने विचारलं, शेट, बरं नाही का. मी म्हटलं, पित्त.

४

आता घरातलं सांगायला हवं, नाहीतर मी का घाबरलो ते कळायचं नाही.

दादा गेला त्या दिवशी सकाळी एक नावाडी हाताला फडकं गुंडाळून दुकानात आला होता. दादाच्या उलट्या वेटोळ्याची आढी पडून त्याचं बोट मोडलं होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. माझं वय सत्तावीस, डोकं गरम. मी थोरल्या भावाला चारचौघांत म्हणालो, "उद्यापासून या दुकानाची पायरी चढू नकोस."

 हातातलं दाभण दादाने सवयीप्रमाणे छातीशी सदऱ्यात खोचलं आणि तो बाहेर पडला. अकरा वाजले होते. संध्याकाळी घरी आला नाही. शोधाशोध केली तेव्हा बाराच्या बसचा कंडक्टर म्हणाला, असा एक माणूस बसला होता खरा. पुढे वर्षानुवर्षं कोणी ना कोणी येऊन सांगायचं की तुमच्या दादाला अमक्या गावी बघितलं, तमक्या गावी दुकान टाकलंय, दाढी वाढवलीय.

वहिनींना मी हे भांडण कधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करताना एकेचाळीस वर्षं गेली. आणि याहून वाईट म्हणजे, त्यांची अशी खातरी होती की दोष त्यांचाच. त्या सकाळी चहा देताना त्या दादाला थट्टेने म्हणाल्या होत्या, एखादी बस पकडा आणि जा कुठेतरी, मला घटकाभर शांतता मिळू दे. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. मी शंभरदा ऐकलं आणि मान हलवली.

कुठल्याही फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहायची वेळ आली की त्यांचं पेन थांबायचं. आहे लिहू की होता लिहू, हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हतं. रात्री त्यांच्या घराच्या दाराला कडी नसायची. चोर आला तर, मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, भाऊजी, चोर तरी येऊ दे.

या महिन्यात मात्र त्यांनी भाचीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं होतं. शनिवारी ठाण्याचं उद्घाटन, रविवारी त्यांची बस. वाट बघायला आता डोळे राहिले नाहीत, म्हणाल्या. म्हणजे रविवारी त्या निघणार होत्या त्या, आपल्या थट्टेपायी नवरा गेला हे ओझं घेऊन. आणि ते ओझं माझं होतं.

५

गुरुवारी दुपारी धुकं आलं. भर दुपारी चार वाजता ठाण्याच्या खिडक्या दुधाच्या काचेसारख्या झाल्या. राखणदार कंदिलाची काच आणायला बाजारात गेला होता. मी एकटा नौकेच्या कडेला पितळी पट्टीवर पॉलिश घासत बसलो होतो. अडसर चढवलेला. आठ जाकिटं आठ खुंट्यांवर.

दारावर थाप पडली.

समुद्राकडच्या दारावर. तीन थापा, मध्ये अंतर ठेवून. मी फडकं खाली ठेवलं. थापा खालच्या बाजूला होत्या, गुडघ्याच्या उंचीवर. उभा माणूस तिथे थाप मारत नाही. उतारावरून रांगत वर आलेला माणूस मारील.

ओंडका असेल, मी स्वतःला म्हणालो. भरतीच्या लाटेने एखादा ओंडका दारावर आपटत असेल. माझा मलाच हा खुलासा इतका पटला की मला हसू आलं. मग भिंतीवरच्या पंचांगात, जिथे राखणदार भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवतो, तिथे नजर गेली. ओहोटी. पाणी दारापासून साठ पावलांवर.

पुन्हा तीन थापा.

दार फोडायची घाई त्यांत नव्हती. दुकान बंद असतं, फळीच्या फटीतून आत दिवा दिसतो, आणि ओळखीचं गिऱ्हाईक हलकेच थाप मारतं. त्याला माहीत असतं की तुम्ही आत आहात. तुम्ही उठाल याची त्याला खातरी असते. तशा थापा. मी जागचा हललो नाही. मी खुंट्यांकडे बघितलं आणि त्या मोजल्या. आठही भरलेल्या. सगळे आले आहेत, मी स्वतःशी म्हणालो, बाहेर कोणी नाही. आणि मी हे म्हणालो तेव्हाच आठव्या खुंटीवरचं जाकीट, वारा नाही वाऱ्याची झुळूक नाही, खाली पडलं.

छोट्या दारातून मी कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. चप्पल आतच राहिली होती.

६

रस्त्यावर कासव भेटला. तो रोज चार वाजता तिथून जातो, आणि पाचपर्यंत पोचतो. माझे अनवाणी पाय बघून त्याने विचारलं की शेट, पोलिस मागे आहेत का बायको. मी त्याला बाकावर बसवलं आणि दोरापासून थापांपर्यंत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, हसेल.

तो हसला नाही. बराच वेळ हातातल्या काठीने जमीन उकरत राहिला. मग विचारलं, थापा खाली होत्या का. मी म्हटलं, हो. तीन? हो.

मग त्याने जे सांगितलं ते असं. एकेचाळीस वर्षांपूर्वी, दादा गेला त्याच दिवशी, अशाच धुक्यात प्रवाशांची एक लाँच खडकावर चढली होती. तेहतीस माणसं. नौकेने तीन खेपा केल्या. दर खेपेला थकलेले वल्हेकरी उतारावरच उतरायचे, अंगातलं जाकीट काढून पुढच्याला द्यायचे, आणि तो चढायचा. कोण चढला कोण उतरला, कोणाला पत्ता नाही. तोंडावर टोपी, डोळ्यांत मीठ. कासव तिन्ही खेपांना होता. शेवटच्या खेपेला त्याच्या पुढ्यात जो दोरवाला आला तो कोण, त्याने विचारलं नाही. दोर मात्र त्याने डाव्या हाताने फेकला होता, एवढं लक्षात राहिलं, कारण फेकताना कोपर कासवाच्या नाकावर बसलं.

लाँचवर शेवटी एक बाई उरली होती, कडेवर मूल. दोरवाल्याने स्वतःचं जाकीट काढून तिच्या अंगात घातलं. नौका परत उताराशी आली की रीतीप्रमाणे दोरवाल्याने पाण्यात उडी मारून, नौका उतारावर ओढून घेणाऱ्या रहाटाचा आकडा तिला अडकवायचा असतो. त्याने उडी मारली. आकडा अडकला. नौका वर ओढली गेली. आत एकच गलका, रडणं, ओरडणं. ठाणेवाल्याने भराभर सगळ्यांच्या अंगातली जाकिटं काढून खुंट्यांवर टाकली, त्या बाईच्या अंगातलंही. वर बघितलं. आठ.

"तो ओरडला, सगळे आले," कासव म्हणाला. "आणि आम्ही दार लावलं."

 कासवाची काठी थांबली होती.

"मी दाराला पाठ टेकून बसलो होतो, शेट. पाठीला थापा लागल्या. तीन. खाली. मी म्हटलं, लाट असेल."

दुसऱ्या दिवशी गावातला कोणी वल्हेकरी कमी नव्हता, म्हणून कोणी काही शोधलंच नाही. दोराच्या दुकानवाल्याचा भाऊ बसने गेला ही बातमी वेगळी, तिचा नौकेशी काय संबंध. कासवाने तरीही त्या दिवसापासून कधी दाराला पाठ टेकली नाही. आपल्या घरीसुद्धा.

जुनी आठ जाकिटं बाईंनी काचेच्या कपाटासाठी माळ्यावर ठेवून घेतली होती आणि खुंट्यांवर तशीच नवी टांगली होती. आम्ही दोघं परत ठाण्यात गेलो. एकटा मी गेलो नसतो. माळ्यावरून आठ नंबरचं जाकीट खाली काढलं. कापड कडक, बूच भुगा झालेलं. मी उजव्या बाजूला छातीशी चाचपलं. डावखुरा माणूस तिथेच खोचतो. बोटाला टोचलं.

दाभण होतं. शिंगाच्या मुठीचं, मुठीवर दोन खाचा. आमच्या दुकानाची खूण.

७

वहिनी स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होत्या. मी दाभण ओट्यावर ठेवलं आणि आधी माझं भांडण सांगितलं. एकेचाळीस वर्षं जे सांगायला जमलं नव्हतं ते चार वाक्यांचं निघालं. मग नौकेचं सांगितलं. थापांचंही सांगितलं, कारण आता माल लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी दाभण उचललं, पदराने पुसलं, परत ठेवलं.

"म्हणजे बसमध्ये ते नव्हतेच," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"इतकी वर्षं मी त्या बसला शिव्या घालतेय." मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं, तर आपण दोघं एकाच खोलीत बसून रडलो असतो."

 त्यांनी चपला घातल्या. चला, म्हणाल्या, उजेड आहे तोवर.

ठाण्यात आल्यावर त्यांनी पाटीवरची रीत वाचली, एकदा नव्हे दोनदा. मग आठव्या खुंटीखाली पडलेलं नवं जाकीट उचलून बाजूला ठेवलं, आणि दादाचं जुनं जाकीट उंबऱ्यावर, उताराच्या तोंडाशी, घडी करून ठेवलं. "खुंटी रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "आता दार उघडा."

कासवाने आणि मी अडसर काढला. दोन्ही दारं पूर्ण उघडली. बाहेर फक्त पांढरं. दहा पावलांपुढे उतारही दिसत नव्हता. मी दोराचं एक टोक खांबाला बांधलं आणि वेटोळं सोडलं. डावं होतं ते, पण एकही आढी पडली नाही. दोर उतारावरून घरंगळत धुक्यात गेला. वहिनी स्टुलावर बसल्या.  पाणी लांब कुठेतरी वाजत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग दोर हलला.

आधी जरासा. मग ताठ झाला, खांबाशी कुरकुरला. मी तो पकडला, कासवानेही पकडला. जन्मभर मी दोरावर वजनं तोलली आहेत. पोतं असेल तर दोर मुका असतो. माणूस असेल तर दोरात श्वास असतो, तो थांबून थांबून ओढतो. आम्ही ओढत होतो. कासवाचे ओठ हलत होते, जुन्या वल्हेकऱ्यांसारखे, एकदोन एकदोन. तळहात सोलले गेले. धुक्यात काही दिसत नव्हतं. नुसतं जवळ येत होतं.

आणि एकदम दोर सैल पडला. आमच्या मधून थंडगार ओली हवा गेली, तिला डांबराचा वास होता. आमच्या दुकानाचा.

मी उंबऱ्याकडे बघितलं. जाकीट तिथे नव्हतं. वहिनींकडे बघितलं, तर त्या समुद्राकडे बघतच नव्हत्या. त्या आमच्या मागे, भिंतीकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी वळायला उशीर केला. मुद्दाम केला असेन.

मी व्यापारी माणूस, जेवढं मोजलं तेवढंच सांगतो. एक हात दिसला. कोपरापर्यंत दुमडलेली बाही, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. तो हात जाकिटाचा फास खुंटीवर चढवत होता. फास नीट बसला नाही म्हणून त्याने तो काढून पुन्हा चढवला, अगदी निवांत, दिवसभराचं काम संपल्यावर माणूस करतो तसा. डावा हात होता. पापणी लवली आणि मग भिंत होती, खुंट्या होत्या, आणि आठव्या खुंटीवर एकेचाळीस वर्षं वाळलेलं ते जाकीट, ज्यातून पाण्याची धार लागली होती.

कासव ठाणेवाल्यासारखं ओरडायला गेला. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. म्हातारा तिथेच जमिनीवर बसला आणि कितीतरी वर्षांनी त्याने दाराला पाठ टेकली.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "दार लावून घ्या. गारठलेत ते."

८

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ठाण्यात गेलो. पाय जड होते, खोटं कशाला बोलू. कुलूप काढलं. अडसर जागेवर. आठही जाकिटं खुंट्यांवर, आठवं अजून ओलसर. दोर मी आदल्या संध्याकाळी जसा सरळ गुंडाळून ठेवला होता तसाच, सरळ. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि मला इतकं हलकं वाटलं की राखणदार आला तेव्हा मी त्याला म्हटलं, आज चहा माझ्याकडून. तो घाबरला. त्याला वाटलं, मी त्याला कामावरून काढतोय.

शनिवारी उद्घाटन झालं. बाईंनी पाऊण तास भाषण केलं. आठवं जाकीट जुनं का आणि बाकीची सात नवी का, असं औषधवाल्याने विचारलं. कासवाने त्याला सांगितलं की ते ज्याचं आहे त्याने ठेवलंय, हात लावू नकोस. पाटीवर मी एक ओळ वाढवून घेतली: दार लावण्यापूर्वी जाकिटं नव्हे, माणसं मोजावीत. रंगाऱ्याने ती जरा वाकडी काढली, पण वाचता येते.

वहिनींचं मात्र मला राखणदाराच्या बायकोकडून कळलं. शुक्रवारी सकाळी ती दूध द्यायला गेली तर दाराला आतून कडी. तिने हाका मारल्या, कडी वाजवली. वहिनी नऊ वाजता उठल्या, म्हणे, केस विस्कटलेले, आणि चांगल्या रागावल्या की माणसाला सुखाने झोपू देत नाहीत.

रविवारी मी त्यांना बाराच्या बसवर पोचवायला गेलो. भाचीकडे कायमचं जायचं त्यांनी रद्द केलं होतं. पंधरा दिवसांनी येते म्हणाल्या, घराला कुलूप लावलंय, ही घ्या किल्ली, आणि माझ्या डब्यांना हात लावू नका. दाभण त्यांच्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, टोचेल. त्या म्हणाल्या, टोचू दे.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. सीटवर हात फिरवला, जणू इतकी वर्षं शिव्या दिल्याबद्दल बसची समजूत काढत होत्या. कंडक्टर दारात उभा राहिला, बाहेर डोकावला आणि घंटीच्या दोरीला हात घालून विचारता झाला, कोणी यायचं राहिलंय का.

त्याने ते सगळ्यांनाच विचारलं होतं. उत्तर वहिनींनी दिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळे आले. चला."